मोटारसायकलवरील आसनस्थिती व प्रवाससुख

मोटारसायकल चालविताना चालकाचे शरीर वाहनावर ज्या रीतीने टेकलेले व तोललेले असते, तिला आसनस्थिती म्हणतात. हात, बैठक व पाय या तीन ठिकाणी चालकाचा वाहनाशी संबंध येतो. या तीन टेकूंची परस्परांपासूनची अंतरे व उंची यांवरून धडाचा कल, गुडघ्यांचा कोन, मनगटांवरील भार व पाठीच्या कण्याला बसणारे हादरे ठरतात. आसनस्थितीचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात : (१) धड जवळजवळ उभे ठेवणारी ताठ स्थिती, (२) शर्यतीच्या मोटारसायकलीवरील पुढे बरीच झुकलेली स्थिती आणि (३) या दोहोंमधील, धड थोडेसे पुढे झुकविणारी मध्यम स्थिती. वेगवान मोटारसायकलीचे एंजिन व सांगाडा आणि लांबच्या प्रवासास उपयुक्त अशी बैठक, वाऱ्याची ढाल व सामानाची सोय यांचा मेळ ज्या वाहनात घातलेला असतो, त्यास ‘स्पोर्ट टूरर’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘क्रीडाप्रवासी मोटारसायकल’ ही संज्ञा वापरली आहे. उंच केलेले हँडल हे या वाहनाचे एक ठळक लक्षण होय. हँडल उंच असण्याचे कारण काय, ते आणखी उंच केल्याने प्रवास कितपत सुखकर होतो आणि त्याबरोबर इतर कोणते फेरबदल करावे लागतात, यांचा विचार येथे केला आहे. उदाहरणादाखल मराठवाड्यातील नांदेड–लातूर हा मार्ग घेतला आहे.

इतिहास : पहिल्या मोटारसायकली सायकलीच्या सांगाड्यावरून विकसित झाल्या. त्यामुळे त्यांवरील आसनस्थिती ताठच होती. वेग वाढत गेले तसा वायुरोध कमी करण्यासाठी शर्यतींतील चालक पुढे झुकून बसू लागले. पुढच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) दोन नळ्यांना स्वतंत्रपणे आवळून बसविलेले ‘क्लिप-ऑन’ प्रकारचे आखूड व खालच्या पातळीवरील हँडल त्यातूनच रूढ झाले. लांबच्या प्रवासाला मात्र ही स्थिती त्रासदायक ठरते. जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेल्या आर १०० आरएस या मोटारसायकलीचे संपूर्ण आवरण वातविवरात चाचण्या घेऊन तयार करण्यात आले होते. क्रीडाप्रवासी प्रकारातील आरंभीच्या वाहनांत तिची गणना होते.

भारतात १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागलेली एन्फील्ड बुलेट, तसेच १९६० नंतरच्या दशकात आलेल्या जावा व राजदूत या सर्व मोटारसायकलींना रुंद, नळीचे व उंच हँडल असे. त्यांवर चालक ताठ बसे. १९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० घ. सेंमी. क्षमतेच्या हलक्या मोटारसायकली आल्या. याच सुमारास, १९८५ साली, बजाज ऑटो कंपनीचा कारखाना औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे सुरू झाला व दुचाकी वाहननिर्मितीचे मोठे केंद्र मराठवाड्यात निर्माण झाले. २००१ मध्ये बजाज पल्सर, २००३ मध्ये २२३ घ. सेंमी. क्षमतेची हीरो होंडा करिझ्मा, २००७ मध्ये पल्सर २२० व २०११ मध्ये होंडा सीबीआर २५० आर या मोटारसायकली बाजारात आल्या. यांपैकी करिझ्मा, पल्सर २२० व सीबीआर २५० आर यांचे हँडल दोन तुकड्यांचे असले, तरी ते शर्यतीच्या वाहनांप्रमाणे खाली न बसविता उंचावर ठेवलेले होते. २०१६ च्या अखेरीस आलेल्या डॉमिनार ४०० या मोटारसायकलीला एकसंध नळीचे हँडल आहे. २०२१ मध्ये तिच्याबरोबर उंच काच, हातांपुढील आडोसे व सामानवाहक मांडणी कारखान्यातूनच बसवून मिळू लागली. अशा रीतीने पूर्वी केवळ शहरात किंवा गावोगाव जाण्यायेण्यासाठी वापरले जाणारे हे वाहन जिल्ह्याजिल्ह्यांतील लांब प्रवासाचेही साधन झाले. [⟶ मोटारसायकल].

शरीराचा तोल व वारा : कंबरेच्या वरील शरीराचे (धड, डोके व हात मिळून) वजन एकूण वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश असते. ७० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीत ते सुमारे ४७ किग्रॅ. भरते. धड पुढे झुकले, की हे वजन कंबरेच्या सांध्याभोवती पुढे पाडू पाहणारे परिबल निर्माण करते. ते तोलण्याचे तीनच मार्ग आहेत : पाठीच्या स्नायूंनी धड धरून ठेवणे, हातांनी हँडलवर रेटा देणे किंवा समोरून येणाऱ्या वाऱ्याने छातीला आधार देणे. पहिल्या दोन मार्गांनी थकवा येतो. तिसरा आधार श्रमावाचून मिळतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मराठवाड्यातील उन्हाळी हवेची घनता सुमारे १.१ किग्रॅ. प्रती घ. मी. आणि चालकाचे वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौ. मी. धरल्यास आडोसा नसलेल्या चालकाच्या छातीवर ताशी ६० किमी. वेगास सुमारे ८ किग्रॅ., ८० किमी. वेगास १४ किग्रॅ. आणि १०० किमी. वेगास २२ किग्रॅ. वजनाइतका रेटा येतो. वरील ४७ किग्रॅ. वजनाशी या रेट्यांची तुलना केली, म्हणजे धड केवळ वाऱ्यावर तोलले जाण्यासाठी ते उभ्या रेषेपासून अनुक्रमे सुमारे ९, १६ व २५ अंश झुकलेले असावे लागते, असे दिसते. हे आकडे ढोबळ आहेत. चालकाची अंगकाठी, कपडे व वाऱ्याची दिशा यांनुसार ते बदलतात. तथापि त्यांवरून महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की प्रत्येक वेगाला अनुरूप असा धडाचा एक कल असतो. २५ अंश झुकविणारे हँडल ताशी १०० किमी. वेगाला सुखाचे असते. तेच ताशी ४० किमी. वेगाला वाऱ्याचा आधार जवळजवळ संपल्याने खांद्याच्या पातळीवर सुमारे १० किग्रॅ. इतका आधार मनगटांकडून वा पाठीकडून मागते.

नांदेड–लातूर हे अंतर सुमारे १४० किमी. असून लोहा, अहमदपूर व चाकूर ही गावे वाटेत लागतात. तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ व वर्ध्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ चा हा भाग आहे. गोदावरीकाठच्या नांदेडहून बालाघाटच्या पठारावरील लातूरकडे जाताना मोकळ्या भागात वेग वाढतो, तर गावांजवळ, वळणांवर व उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांमागे तो ताशी ३०–४० किमी.पर्यंत खाली येतो. अशा मार्गावर वेग सतत बदलत असल्याने वाऱ्याच्या आधारावर विसंबणारी आसनस्थिती निरुपयोगी ठरते. येथे १० ते १५ अंशांपेक्षा जास्त कल सोईचा होत नाही.

यातूनच क्रीडाप्रवासी मोटारसायकलीच्या उंच हँडलचे खरे कारण कळते. या वाहनाला पुढे काच किंवा अर्धे आवरण असते. ते छातीवरील वारा अडविते. म्हणजेच झुकलेल्या धडाला मिळणारा फुकटचा आधारही काढून घेते. म्हणून वाऱ्याची ढाल जितकी मोठी तितके हँडल उंच व मागे असणे आवश्यक असते. उलट, ढाल न लावता केवळ हँडल उंच केले, तर ताशी ८०–९० किमी. वेगाला ताठ बसलेल्या चालकास वारा मागे ढकलतो व तो हँडलला लोंबकळून राहतो. त्यामुळे दंड व खांदे आखडतात. शिवाय अंगावर आदळणारा भोवऱ्यांचा वारा हातांवाटे सुकाणूत उतरून वाहन डोलू लागण्याचा संभव असतो. हँडल व ढाल यांचा विचार एकत्रच करावा लागतो, तो यामुळे.

ढालीची उंचीही महत्त्वाची आहे. काचेच्या वरच्या कडेवरून निसटणारा हवेचा पट्टा हनुवटीवर किंवा शिरस्त्राणाच्या खालच्या भागावर आदळल्यास डोके हादरते, मान दुखते व मोठा आवाज होतो. हा पट्टा एक तर खांद्यांवर यावा किंवा शिरस्त्राणाच्या माथ्यावरून जावा. उंच हँडलमुळे डोकेही वर व मागे सरकते. त्यामुळे पूर्वी योग्य असलेली काच हँडल बदलल्यावर अपुरी ठरू शकते. काच इतकी उंचही नसावी, की रस्ता तिच्यातून पाहावा लागेल; पावसात व रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात ते धोक्याचे असते.

हँडल उंच करण्याच्या पद्धती : एकसंध नळीच्या हँडलच्या बाबतीत ते धरून ठेवणाऱ्या पकडींखाली ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ठोकळे (‘रायझर’) बसवितात किंवा अधिक उंच वळणाची नळी वापरतात. दोन तुकड्यांच्या हँडलसाठी चिमट्याच्या वरच्या पट्टीवर येणारे उंच बाकाचे तुकडे मिळतात. सुकाणूचा अक्ष मागे कललेला असल्याने त्या दिशेने चढविलेले हँडल नुसते वर न जाता मागेही येते. अक्षाचा कल २५ अंश असल्यास २५ मिमी. उंचीच्या ठोकळ्याने मुठी सुमारे २३ मिमी. वर व ११ मिमी. मागे येतात. एवढ्याने खांदे सुमारे अडीच सेंमी. मागे सरकतात व धड जवळजवळ ३ अंश ताठ होते. हा बदल लहान वाटला, तरी दोन तासांच्या प्रवासात मनगटांना तो स्पष्टपणे जाणवतो.

हँडल उंच केल्याने पुढचे चाक हलके होऊन वाहन अस्थिर होते, असा एक समज आहे. वरील उदाहरणात शरीराच्या वरच्या भागाचा गुरुत्वमध्य केवळ दीड सेंमी. मागे जातो आणि दोन चाकांतील अंतर १३५ सेंमी. धरल्यास पुढच्या चाकावरील भार सुमारे अर्धा किग्रॅ. इतकाच कमी होतो. याउलट मागील चाकाच्या आसापासून २५ सेंमी. मागे बसविलेल्या १० किग्रॅ. वजनाच्या पेटीमुळे तो जवळजवळ दोन किग्रॅ.ने घटतो. म्हणजे पुढचे चाक हलके होण्याचा दोष बहुधा हँडलचा नसून मागे बांधलेल्या सामानाचा असतो.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. हँडल वर घेतले, की ॲक्सिलरेटर व क्लच यांच्या तारा, ब्रेकची द्रवनलिका आणि विजेच्या तारांचा जुडगा यांना अधिक लांबी लागते. ती अपुरी पडल्यास हँडल पूर्ण वळविताच ॲक्सिलरेटरची तार ताणली जाऊन एंजिनाची गती आपोआप वाढते. अरुंद रस्त्यावर वळण घेताना याचा परिणाम गंभीर होतो. ब्रेकची नलिका ताणली गेल्यास तिच्या जोडापाशी तेल पाझरू लागते. म्हणून फेरबदलानंतर मोटारसायकल मधल्या स्टँडवर किंवा भक्कम आधारावर उभी करून, एंजिन मंद गतीवर ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावे. एंजिनाचा आवाज बदलू नये, क्लचच्या दांडीतील मोकळी हालचाल दोन्ही टोकांना सारखी राहावी, कोणतीही तार ताठ होऊ नये आणि हँडल टाकीवर वा काचेवर घासू नये. चिमट्याचा मार्ग दाबला जातो व सुटतो त्या दोन्ही अवस्थांत नलिका मोकळी राहते की नाही, हेही पाहावे. पकडींचे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या परिपीडनानेच आवळावेत. साधारणपणे २० ते ३० मिमी.पर्यंतची वाढ पुष्कळ वाहनांत मूळ तारांवर निभावते. त्यापुढे लांब तारा व नलिका घालणे भाग पडते.

हँडल चढविण्यापूर्वी त्याचा कोन व दांड्यांची उंची बदलून पाहणे इष्ट असते. मुठीवर हात ठेवून बोटे ब्रेकच्या दांडीवर टेकली असता हाताच्या पाठीची रेषा कोपरापासून सरळ राहिली पाहिजे. मनगट वर वा खाली मुडपू नये. करंगळी व अनामिका यांना मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब पडत आहे, असे समजावे. अंगठा, तर्जनी व मध्यमा बधिर होत असतील, तर मनगट फार मुडपले जाऊन तेथील मध्य तंत्रिका दाबली जात असण्याचा संभव असतो. कोपरे किंचित वाकलेली असावीत. सरळ ताठ हात रस्त्याचे धक्के थेट खांद्यांकडे नेतात. एकच हँडल सर्वांना सारखे सोईचे होत नाही, कारण हात व धड यांच्या लांबीत व्यक्तिपरत्वे बराच फरक असतो. भारतीयांच्या शरीरमापांचे एक विस्तृत संकलन अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. वाहने, यंत्रे व फर्निचर यांच्या अभिकल्पात अशा मापांचा उपयोग होतो.

बैठक व पायदाने : धड ताठ झाल्याने मनगटांवरून उतरलेला भार नाहीसा होत नाही, तो बैठकीवर येतो. पुढे झुकलेल्या चालकाचे वजन मांड्या, हात व पाय यांत वाटलेले असते. ताठ बसणाऱ्याचे वजन मुख्यतः ओटीपोटाच्या तळाशी असणाऱ्या दोन बैठकीच्या हाडांवर पडते. म्हणून उंच हँडलला रुंद व सपाट बैठक लागते. बैठक पुढे उतरती असल्यास चालक हळूहळू टाकीकडे घसरतो व स्वतःला मागे रेटण्यासाठी पुन्हा हातांवर भार देतो. अशा वेळी हँडल कितीही उंच केले, तरी मनगटांचा त्रास थांबत नाही. उपाय बैठकीवर करावा लागतो.

बैठकीतील पॉलियुरेथेन फेस (फोम) वापराने चेपत जातो. तो चेपला, की हाडे खालच्या कठीण पत्र्याच्या वा प्लॅस्टिकच्या तळाला लागतात. मऊ फेस दुकानात बसून पाहताना सुखाचा वाटतो, परंतु तासाभरात तो पूर्णपणे दबतो. घट्ट फेसाचा जाड थर व त्यावर मऊ फेसाचा पातळ थर ही रचना लांबच्या प्रवासास चांगली असते. गावोगावचे बैठक शिवणारे कारागीर असे थर बसवून वर रेक्झिन चढवून देतात. मात्र काळे रेक्झिन उन्हात फार तापते व घामाने निसरडे होते. त्यावर सुती किंवा जाळीदार अभ्रा घट्ट बांधावा. नुसता टॉवेल टाकल्यास तो सरकतो आणि त्याचे टोक चाकात किंवा साखळीत अडकण्याची भीती असते.

पायदाने फार मागे व उंच असतील, तर ताठ बसलेल्या चालकाचे गुडघे काटकोनापेक्षा अधिक मुडपतात, ओटीपोट मागे कलते व कंबरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो. पायदाने शरीराखाली असल्यास खड्डा दिसताच पायांवर भार देऊन किंचित उठता येते. अशा वेळी पाय धक्काशोषकाचेच काम करतात. म्हणून हँडल वर घेताना पायदानांचे स्थान विचारात न घेतल्यास मनगटांचे दुखणे कंबरेत जाते, एवढाच फरक पडतो.

रस्ता, स्प्रिंगा व धक्काशोषक : नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील बराचसा भाग बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीचा आहे. या मातीतील मृत्तिका पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यामुळे तिच्यावरील डांबरी रस्ता लाटांप्रमाणे वरखाली होतो व त्याच्या कडा खचतात. अशा रस्त्यावर खड्डा नसतानाही वाहन लयबद्ध झुलते. [⟶ काळी माती, रस्ते].

बसलेल्या माणसाचे शरीर दर सेकंदास सुमारे ४ ते ८ कंपने (४ ते ८ हर्ट्झ) या पट्ट्यातील उभ्या कंपनांना सर्वांत अधिक प्रतिसाद देते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २६३१ क्रमांकाच्या मानकात या पट्ट्याला म्हणूनच अधिक महत्त्व दिलेले आहे. रस्त्यावरील लाटांची लांबी ४ मी. असेल, तर ताशी ७२ किमी. (सेकंदास २० मी.) वेगाला सेकंदास ५ धक्के बसतात, ते नेमके या त्रासदायक पट्ट्यात येतात. वेग ताशी ५४ किमी. केल्यास धक्क्यांची संख्या ४ च्या खाली जाते. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांवरील आडवे सांधे सामान्यतः सुमारे साडेचार मीटरांवर असतात. ताशी ८० किमी. वेगाला त्यांची टपटपही सेकंदास ५ च्या घरात येते. वेगात थोडासा बदल केल्याने एकाएकी आराम वाटतो, याचे कारण हेच. धड ताठ असल्यास ही उभी कंपने कण्याच्या रेषेतून सरळ वर चढतात व कंबरेतील मणक्यांमधील चकत्यांवर ताण येतो. म्हणून उंच हँडल असणाऱ्या मोटारसायकलीत मागील धक्काशोषकाची (गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’ची) जुळणी अधिक काळजीने करावी लागते.

या जुळणीचे मुख्य माप म्हणजे बसक होय. चालक नेहमीच्या कपड्यांत व सामानासह बसल्यावर मागचा भाग जितका खाली जातो, ती त्याची बसक. ती चाकाच्या एकूण वरखाली हालचालीच्या सुमारे ३० टक्के असावी. हालचाल १२० मिमी. असेल, तर बसक ३५ ते ४० मिमी. येते. बसक जास्त असल्यास मोठ्या धक्क्याला स्प्रिंग तळाशी आपटते व कंबरेला हिसका बसतो. कमी असल्यास लहान लाटांवरही बैठक उसळते. पायऱ्यांचे खाचदार कडे फिरवून स्प्रिंगेवरील आगाऊ ताण कमीजास्त करता येतो. एकट्याने जाताना व मागे प्रवासी असताना ही खाच बदलावयाची असते. ती कधीच न बदलणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. टायरांतील हवा थंड अवस्थेत तपासावी. ठरावीक मापापेक्षा जास्त हवा भरल्यास टायर कठीण होऊन सर्व धक्के वर पाठवितो.

एंजिनाची कंपने : एकसिलिंडरी एंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असता त्याचे मुख्य असंतुलन सेकंदास १०० कंपने निर्माण करते. संतुलक दंडामुळे ती पुष्कळ कमी होतात, तथापि पूर्णपणे नाहीशी होत नाहीत. हँडलला स्वतःची नैसर्गिक कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) असते. लांब व उंच हँडलची कंप्रता आखूड हँडलपेक्षा कमी असल्याने, फेरबदलानंतर नेहमीच्या प्रवासवेगालाच अनुस्पंदन होऊन मुठी झणझणू लागण्याचा संभव असतो. मुठींच्या टोकांना जड धातूची वजने बसविल्याने कंप्रता बदलते व हा त्रास दुसऱ्या वेगाकडे सरकतो. रबरी बुशांवर बसविलेल्या पकडी व मऊ मुठी यांचाही उपयोग होतो. हातांवाटे होणाऱ्या कंपनांचे मापन आंतरराष्ट्रीय मानक क्र. ५३४९ नुसार करतात. मूठ घट्ट आवळून धरल्यास कंपने हातात अधिक शिरतात. म्हणून सैल पकड हा सर्वांत सोपा उपाय होय. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही वाहनांच्या अशा चाचण्या घेणारी भारतातील प्रमुख संस्था आहे.

मागील प्रवासी, सामान व उष्णता : या भागात मोटारसायकल हे बहुधा दोघांचे वाहन असते. मागील व्यक्तीचे सुख चालकाच्या आसनस्थितीवर अवलंबून असते. चालक ताठ बसला, की मागे जागा कमी उरते, परंतु त्याच्या पाठीचा आडोसा मिळतो. ब्रेक लावताना मागील प्रवासी पुढे रेटला जातो व दोघांचा भार चालकाच्या मनगटांवर येतो. मागे धरावयास भक्कम कडी असल्यास तो टळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ अन्वये मागील प्रवाशासाठी हाताने धरावयाची कायम पकड, पायदान आणि मागील चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी जाळी असणे आवश्यक आहे. साडी किंवा ओढणी चाकात अडकू नये म्हणून ही जाळी असते. मोटारसायकल खेळकर दिसावी म्हणून ती काढून टाकणे घातक होय. एका बाजूस पाय सोडून बसण्याने भार एकांगी होतो व चालकाला हँडल सतत किंचित उलट दाबून धरावे लागते. लांबच्या प्रवासात चालकाचा एकच खांदा दुखण्यामागे हे कारण असू शकते. सामान शक्यतो दोन्ही बाजूंना, सारख्या वजनाचे व खालच्या पातळीवर बांधावे.

एप्रिल व मे महिन्यांत येथील तापमान ४०° से.च्या वर जाते. त्वचेपेक्षा उष्ण असलेला वारा शरीराला थंड न करता तापवितो. केवळ घामाच्या बाष्पीभवनाने गारवा मिळतो आणि त्यासाठी शरीरातील पाणी वेगाने खर्च होते. म्हणून या दिवसांत अंगावरील वारा अडविणारी ढाल व अंग झाकणारे सैल सुती कपडे उघड्या अंगापेक्षा बरे. गळ्याभोवती ओली दस्ती गुंडाळण्याची येथील रीत या दृष्टीने योग्य आहे. फक्त तिची टोके कपड्यांच्या आत खोचलेली असावीत. शिरस्त्राणावर भारतीय मानक चिन्ह असणे १ जून २०२१ पासून सक्तीचे झाले आहे.

फेरबदलांचा क्रम : खर्च व धोका यांचा विचार करता पुढील क्रम उपयुक्त ठरतो : (१) टायरांतील हवा व मागील स्प्रिंगेची बसक, (२) हँडल व दांड्यांचे कोन, (३) बैठकीचा उतार व फेस, (४) हँडलची उंची, एका वेळी १० ते १५ मिमी.; (५) नव्या उंचीला अनुरूप काच. प्रत्येक बदलानंतर किमान तासभर, नेहमीच्याच रस्त्यावर वाहन चालवून पाहावे, कारण पाच मिनिटांत वाटणारे सुख व दोन तासांनंतरचे सुख भिन्न असते. अनेक बदल एकदम केल्यास कशाने गुण आला, हे कळत नाही. जुळणी उत्तम असली, तरी स्नायूंना स्थिती बदलण्याची गरज असतेच. नांदेड–लातूर प्रवासात जवळजवळ मध्यावर येणारे अहमदपूर थांबण्यास सोईचे आहे. तेथे दहा मिनिटे उतरून चालल्याने पुढील टप्प्यातील थकवा लक्षणीय प्रमाणात कमी होतो.

आसनसुख ही चैनीची बाब नाही. बधिर झालेली बोटे ब्रेकची दांडी उशिरा दाबतात. हा उशीर अर्ध्या सेकंदाचा असला, तरी ताशी ८० किमी. वेगाला तेवढ्यात वाहन ११ मी. पुढे गेलेले असते.

कायदेशीर मर्यादा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला आहे. त्यामुळे सांगाडा कापणे, पायदानांचे आधार वितळजोड करून सरकविणे किंवा सुकाणूचे मूळ भाग घासून बारीक करणे असे प्रकार सर्वस्वी टाळावेत. सुकाणूच्या वितळजोड केलेल्या भागाला सततच्या कंपनांनी तडा जाण्याचा संभव असल्याने तांत्रिक दृष्ट्याही ते त्याज्य आहेत. निर्मात्याने मान्य केलेली, स्क्रूंनी बसणारी व पुन्हा काढता येणारी जोडसाधने वापरावीत, मूळ भाग जपून ठेवावेत आणि फेरबदलानंतर वाहन जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे.